दंतसहायक प्रशिक्षणाचा प्रवेश अर्ज : सही करण्यापूर्वीची चौकशी

दहावी-बारावीचे निकाल लागल्यानंतरच्या आठवड्यांत कम्युनिटी कॉलेजच्या कार्यालयात पालकांची वर्दळ वाढते. मुलगी हुशार आहे, नर्सिंगचा खर्च परवडत नाही, घराजवळच्या दातांच्या दवाखान्यात काम मिळण्यासारखे आहे. तेव्हा 'दातांचा तो एक वर्षाचा कोर्स' कुठे आहे, फी किती आणि फॉर्म कधी निघतो, एवढेच त्यांना विचारायचे असते. समोरच्या प्राध्यापकाला या विषयाची माहिती असतेच असे नाही. एखाद्या जाहिरातीवरचा फोन नंबर देऊन तो मोकळा होतो. पुढे वर्षभराची फी, रोजचे बसभाडे आणि मुलीच्या आयुष्यातले एक वर्ष त्या नंबरच्या भरवशावर खर्ची पडते. अर्जावर सही होण्यापूर्वी काय तपासावे, कागद कोणत्या क्रमाने जमवावेत आणि अर्जातील मजकूर कसा लिहून घ्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. बेळगाव, गोवा, हैदराबाद, इंदूर अशा ठिकाणी मराठी किंवा उर्दू माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थिनी येथे मुख्यतः गृहीत धरल्या आहेत. मुलांच्या बाबतीतही बहुतेक गोष्टी त्याच आहेत.

तीन कामे, तीन वाटा

'दातांचा कोर्स' या बोलण्यात निदान तीन निरनिराळी कामे एकत्र होतात. दंतवैद्यक कायदा, १९४८ या कायद्याने दंतवैद्याखेरीज आणखी दोन कामांची व्याख्या केली. दात खरवडून साफ करणारी, घासून चकचकीत करणारी किंवा दंतस्वच्छतेचे शिक्षण देणारी व्यक्ती म्हणजे डेंटल हायजिनिस्ट. कवळ्या व तत्सम उपकरणे बनवणारी किंवा दुरुस्त करणारी व्यक्ती म्हणजे डेंटल मेकॅनिक. या दोघांसाठी राज्य पातळीवर नोंदवही ठेवण्याची तरतूद त्या कायद्यात होती, आणि नोंदणीशिवाय ही कामे करण्यास मनाई होती. दोन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचे, सामान्यतः मान्यताप्राप्त दंतमहाविद्यालयात चालणारे. आणि त्यांना भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र घेऊन बारावी झालेला विद्यार्थी लागतो.

तिसरे काम दंतसहायकाचे, म्हणजे डेंटल असिस्टंटचे. खुर्चीशेजारी उभे राहून डॉक्टरांना हत्यारे देणे, लाळ ओढणारी नळी धरणे, सिमेंट कालवणे, हत्यारे निर्जंतुक करणे, रुग्णाला बसवणे-उठवणे आणि त्याची नोंद ठेवणे, हे ते काम. १९४८ च्या कायद्यात हायजिनिस्ट आणि मेकॅनिक होते, सहायक नव्हता. त्यामुळे हे काम बहुतांशी दवाखान्यातच, बघत बघत शिकले गेले. जुने लोक अजूनही अशा मुलीला 'कंपाउंडर' म्हणतात. कोणी बारावी कला शाखेची असते, कोणी दहावीनंतर थांबलेली. काम चोख करणाऱ्या अशा कितीतरी जणी आहेत. पण दवाखाना बदलला की त्यांच्या हाती दाखवायला कागद नसतो, आणि पगाराची बोलणी पुन्हा शून्यापासून सुरू होतात.

२०२३ साली संसदेने राष्ट्रीय दंत आयोग कायदा मंजूर केला. १९४८ च्या कायद्याची आणि त्याखालील भारतीय दंत परिषदेची जागा नव्या व्यवस्थेने घ्यावी, हा त्याचा हेतू. म्हणून अर्ज करताना जुन्या माहितीपुस्तिकेवर न विसंबता, त्या वर्षी मान्यता देणारी संस्था कोणती आणि राज्यात नोंदणी कोणाकडे होते, हे राज्याच्या दंत परिषदेकडे किंवा सरकारी दंतमहाविद्यालयाच्या कार्यालयात विचारून घ्यावे. गोव्यात बांबोळीचे गोवा दंतमहाविद्यालय, हैदराबादेत अफझलगंजचे सरकारी दंतमहाविद्यालय, इंदुरात तेथील शासकीय दंतमहाविद्यालय अशी ठिकाणे चौकशीसाठी हाताशी आहेत. बेळगावात दोन खाजगी दंतमहाविद्यालये आहेत; त्यांच्या प्रवेश विभागातही हे विचारता येते. तेथे तो अभ्यासक्रम चालत नसला तरी कोठे चालतो आणि कोणता कागद ग्राह्य धरतात, हे सांगणारा माणूस बहुधा भेटतो.

आता मूळ मुद्दा. बारावी विज्ञान झालेल्या, गुण बऱ्यापैकी असलेल्या मुलीने सहायकाच्या वर्षभराच्या प्रमाणपत्राकडे वळण्यापूर्वी हायजिनिस्ट आणि मेकॅनिक या दोन वाटांचा विचार केलाच पाहिजे. एक वर्ष जास्त लागते, पण हाती येणारी गोष्ट वेगळ्या दर्जाची असते: नोंदवहीतले नाव. उलट दहावी किंवा बारावी कला-वाणिज्य झालेल्या मुलीला ती वाट बंद आहे, आणि तिच्यासाठी सहायकाचे प्रशिक्षण हीच खरी संधी आहे. पालक 'दातांचा कोर्स' म्हणतात तेव्हा प्राध्यापकाने पहिला प्रश्न बारावीच्या विषयांचा विचारावा. फी, वसतिगृह, नोकरीची हमी हे सगळे त्यानंतर.

दंतसहायक नेमके काय करतो

हे काम म्हणजे वरवरची मदत असे समजून अर्ज करणाऱ्यांचा पहिल्या महिन्यातच हिरमोड होतो, म्हणून त्याचे स्वरूप थोडे तपशिलाने सांगणे आवश्यक आहे. आधुनिक दवाखान्यात डॉक्टर आणि सहायक मिळून चार हातांनी एका तोंडात काम करतात. डॉक्टरांची नजर दातावर असते; पुढचे हत्यार त्यांच्या बोटांत योग्य टोकाने, योग्य क्षणी यावे लागते. माप घेण्यासाठी जे अल्जिनेट कालवतात, ते गार पाण्यात सावकाश घट्ट होते आणि कोमट पाण्यात झपाट्याने. बेळगावच्या डिसेंबरात आणि हैदराबादच्या मे महिन्यात एकच सवय चालत नाही. माप निघाल्यावर त्यात प्लास्टर लवकर ओतले नाही तर पाणी उडून ते आकसते, आणि कवळी बसत नाही. दोष मात्र कवळी बनवणाऱ्याला लागतो.

निर्जंतुकीकरण ही सहायकाची सर्वात मोठी जबाबदारी. ऑटोक्लेव्हमध्ये साधारण १२१ अंश सेल्सिअस तापमान आणि चौरस इंचाला १५ पौंड दाब ठरलेल्या वेळेपर्यंत टिकवावा लागतो. त्याआधी हत्यारे घासून, धुऊन, कोरडी करावी लागतात, कारण रक्ताचा थर राहिला तर वाफ आत पोचत नाही. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम २०१६ साली नव्याने आले. रक्ताने भिजलेला कापूस आणि काढलेला दात पिवळ्या पिशवीत, हातमोजे व नळ्यांसारखे प्लास्टिक लाल पिशवीत, सुया आणि पाती न भोसकता येणाऱ्या पांढऱ्या डब्यात, औषधाच्या काचेच्या बाटल्या निळ्या खुणेच्या खोक्यात. हे मुलाखतीत विचारले जाते, आणि पाठ करणाऱ्यापेक्षा कारण सांगणारी मुलगी उठून दिसते.

आकड्यांची एक गंमत भाषाशिक्षकांना रस वाटावी अशी आहे. दातांना दोन अंकी क्रमांक देण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. पहिला अंक तोंडाच्या चार भागांपैकी भाग सांगतो, दुसरा मधल्या रेषेपासून मोजलेला दात. उजवीकडचा वरचा भाग १, डावीकडचा वरचा २, डावीकडचा खालचा ३, उजवीकडचा खालचा ४. ही उजवी-डावी बाजू रुग्णाची. समोर उभ्या असलेल्या नवशिक्या मुलीची नेमकी उलट. खालच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ ही ३६. पण ती 'छत्तीस' म्हणून वाचायची नसते, 'तीन-सहा' म्हणून वाचायची असते. दुधाच्या दातांना ५ ते ८ हे भाग दिले जातात. छत्तीस, सदतीस, अडतीस यांत मराठी मुलेही अडखळतात, आणि उर्दू माध्यमातल्या मुलीला मराठी व इंग्रजी असे दोन वेगळे उच्चार सांभाळावे लागतात. अंक सुटे बोलण्याची ही रीत तिच्या पथ्यावरच पडते.

कायद्याची एक मर्यादा विद्यार्थिनीला आधीच सांगून ठेवावी. दात खरवडून साफ करणे हे नोंदणीकृत व्यक्तीचे काम आहे. लहान दवाखान्यात गर्दीच्या वेळी 'एवढे स्केलिंग तू करून टाक' असे सहायकाला सांगितले जाण्याची शक्यता असते. मुलीला ते बढतीसारखे वाटते. प्रत्यक्षात हिरडीला इजा झाली तर जाब तिलाही द्यावा लागतो. जी संस्था आपल्या जाहिरातीत 'सहा महिन्यांत स्केलिंग शिका' असे छापते, तिच्याविषयी याच कारणाने सावध राहावे.

स्त्री सहायकाचे महत्त्व फार जुने आहे. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स येथील दंतवैद्य एडमंड केल्स यांनी १८८५ साली आपल्या दवाखान्यात स्त्री सहायक नेमली, आणि तेथूनच या व्यवसायाची सुरुवात मानली जाते. त्या काळी स्त्रिया सोबतीला कोणी असल्याशिवाय दंतवैद्याकडे जात नसत; दवाखान्यात बाई आहे हे कळल्यावर त्या एकट्या येऊ लागल्या. आपल्याकडच्या मोहल्ल्यांत ही गोष्ट फार समजावून सांगावी लागणार नाही.

प्रमाणपत्रावर सही कोणाची

सहायकाच्या प्रशिक्षणाची संस्था निवडताना एकच प्रश्न चिकाटीने विचारावा: शेवटी जे प्रमाणपत्र मिळेल त्यावर कोणाची सही असेल? दंतमहाविद्यालय, राज्याचे पॅरामेडिकल किंवा तंत्रशिक्षण मंडळ, मान्यताप्राप्त विद्यापीठ, किंवा कौशल्य विकासाच्या चौकटीतील अधिकृत संस्था यांपैकी कोणाचे तरी नाव तेथे हवे. २०१३ साली राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकट लागू झाली. तिच्यात आरोग्यक्षेत्राच्या कौशल्य परिषदेने 'डेंटल असिस्टंट' या कामाचा पात्रता-आराखडा तयार केला. व्यवसाय शिक्षणाच्या प्रमाणपत्रांवर देखरेख करणारी राष्ट्रीय परिषद २०२० पासून काम पाहते. या चौकटीतले अभ्यासक्रम आणि केंद्रे २०२३ मध्ये सुरू झालेल्या स्किल इंडिया डिजिटल हबवर शोधता येतात. तेथे केंद्राचे नाव सापडत नसेल तर केंद्रचालकाने भिंतीवर लावलेल्या चौकटीला फारसा अर्थ उरत नाही.

पैशाच्या बाबतीत एक खूण उपयोगी आहे. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेखालील अल्पमुदतीचे प्रशिक्षण विद्यार्थ्याला मोफत असते. त्या योजनेचे नाव सांगून कोणी 'नोंदणी शुल्क' किंवा 'किटचे पैसे' मागू लागला, तर लेखी पावती मागावी. पावती द्यायला टाळाटाळ झाली की उत्तर मिळाले असे समजावे.

'विद्यापीठ' हा शब्दही तपासूनच घ्यावा. विद्यापीठ अनुदान आयोग बोगस विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो, आणि बेळगाव जिल्ह्यातील गोकाकची एक संस्था त्या यादीत वर्षानुवर्षे होती. तेव्हा असे प्रकार दिल्ली-लखनौकडेच घडतात, या समजात सीमाभागातल्या शिक्षकांनी राहू नये. आंतरराष्ट्रीय मान्यता, सरकारमान्य, नोंदणीकृत हे शब्द जाहिरातीत फार सैल वापरले जातात. धर्मादाय आयुक्तांकडे किंवा सोसायटी कायद्याखाली नोंदलेली संस्था 'नोंदणीकृत' असतेच. त्याने तिचा अभ्यासक्रम मान्यताप्राप्त ठरत नाही.

प्रात्यक्षिक कोठे होणार, हा दुसरा प्रश्न. चाळीस विद्यार्थिनींना एक खुर्ची आणि तीही बंद पडलेली, अशा ठिकाणी वर्ष काढूनही हात बसत नाही. शक्य असेल तर प्राध्यापकाने स्वतः एकदा जाऊन यावे. खुर्च्या किती, ऑटोक्लेव्ह चालू आहे का, रुग्ण येतात का, आधीच्या तुकडीतल्या दोघी-तिघी आता कोठे काम करतात, एवढे पाहायला तास-दीड तास पुरतो.

नावाचा घोळ

अर्ज फेटाळला जाण्याचे किंवा पुढे शिष्यवृत्ती अडकण्याचे एक कारण इतके क्षुल्लक दिसते की त्याकडे कोणी लक्ष देत नाही. ते म्हणजे नावाचे स्पेलिंग. सीमाभागातल्या मुस्लिम विद्यार्थिनीच्या बाबतीत हा प्रश्न खास गुंतागुंतीचा होतो, कारण तिचे नाव उर्दूत ठेवलेले, मराठी किंवा कन्नड शाळेत नोंदलेले आणि इंग्रजीत छापलेले असते.

फातिमा हेच नाव घ्या. महाराष्ट्रातल्या रीतीने 'त' साठी इंग्रजीत नुसता टी लिहितात. कर्नाटक-तेलंगणात 'त' साठी टी-एच लिहिण्याची पद्धत आहे. मराठी शाळेने दिलेल्या दाखल्यावर एक फातिमा आणि कन्नड कारकुनाने भरलेल्या आधारवर दुसरी. उर्दूत ज़ाल, ज़े, ज़्वाद आणि ज़ोय ही चार अक्षरे एकाच ध्वनीसाठी आहेत. मराठीत त्यांच्यासाठी कोणी ज लिहितो, कोणी झ. मग रजिया आणि रझिया यांची इंग्रजी रूपे जे, झेड आणि झेड-एच अशी तिहेरी होतात. शेख या आडनावाची इंग्रजी रूपे तर मोजत बसण्यात अर्थ नाही.

नावाच्या क्रमाचा घोळ याहून त्रासदायक. मराठी शाळेत आडनाव आधी, मग मुलीचे नाव, मग वडिलांचे: 'नदाफ फातिमा रझाक'. कर्नाटकी पद्धतीत मुलीचे नाव आणि पुढे वडिलांच्या नावाचे आद्याक्षर. ऑनलाइन अर्जात पहिले नाव, मधले नाव, आडनाव अशा तीन चौकटी. सायबर कॅफेतला मुलगा घाईत 'नदाफ' हेच पहिले नाव म्हणून टाकतो, आणि गुणवत्ता यादीत मुलगी स्वतःलाच सापडत नाही. बी, बानू, बेगम ही पदे तर कधी नावाचा भाग धरली जातात, कधी आडनाव, कधी गाळली जातात.

उपाय एकच आणि तो आधी करायचा आहे. दहावीच्या गुणपत्रकावरील नाव हा पाया धरावा, कारण पुढची सर्व शैक्षणिक कागदपत्रे त्यावरूनच बनतात. त्यातच चूक असेल तर शाळेमार्फत मंडळाकडे दुरुस्तीचा अर्ज करावा. याला महिने लागू शकतात, म्हणून बारावीच्या परीक्षेपूर्वीच हे हाती घ्यावे. गुणपत्रक बरोबर असेल तर आधार, बँक खाते आणि उत्पन्नाचा दाखला त्याच्याशी जुळवून घ्यावेत. आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, तेव्हा घाईने एक दुरुस्ती करून पुन्हा चुकू नये. कम्युनिटी कॉलेजने प्रवेशाच्या दिवशीच प्रत्येक विद्यार्थिनीचे नाव मराठी, उर्दू आणि इंग्रजीत एका कार्डावर लिहून दिले, तर अर्ध्या अडचणी तेथेच मिटतील.

दाखल्यांची कार्यालये राज्यागणिक वेगळी. उत्पन्न व रहिवासाचे दाखले कर्नाटकात नाडकचेरीतून, गोव्यात मामलेदारांकडून आणि तेलंगणात मी-सेवा केंद्रातून मिळतात. गोव्यात कित्येक सवलतींसाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला मागतात. बेळगावहून कामानिमित्त गेलेल्या कुटुंबातल्या मुलीचा अर्ज अनेकदा येथेच थांबतो. शिष्यवृत्तीच्या योजना वर्षावर्षाला बदलतात, त्यामुळे थोरल्या बहिणीला जे मिळाले तेच धाकटीला मिळेल असे गृहीत धरून फीचा हिशेब मांडू नये.

लस आणि वय

रक्ताशी रोजचा संबंध येणाऱ्या या कामात हिपॅटायटिस-बी ची लस घेतल्याशिवाय विद्यार्थिनीला खुर्चीजवळ उभे करू नये. मोठ्या व्यक्तीला या लसीचे तीन डोस लागतात: पहिला, त्यानंतर एका महिन्याने दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. म्हणजे जुलैत प्रशिक्षण सुरू व्हायचे असेल तर पहिला डोस जानेवारीत पडायला हवा. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून संरक्षण तयार झाले की नाही हे पाहता येते. बहुतेक माहितीपुस्तिकांत 'वैद्यकीय दाखला जोडावा' एवढी एकच ओळ असते. जून महिन्यात धावपळ करून एक डोस घेतला आणि दाखला जोडला, तर अर्ज पूर्ण होतो. मुलीचे संरक्षण होत नाही. बाळपणी लस घेतली असल्यास त्याचे कार्ड शोधून डॉक्टरांना दाखवावे.

दहावीनंतर लगेच येणाऱ्या मुलीच्या बाबतीत वयही पाहावे. दंतवैद्यकात क्ष-किरण वापरले जातात, आणि १८ वर्षांखालील व्यक्तीला किरणोत्साराच्या कामावर कामगार म्हणून नेमता येत नाही. सोळा वर्षांच्या मुलीला 'कोर्स संपताच नोकरी' असे आश्वासन देणारी संस्था ही गोष्ट सांगत नाही.

अर्जातील निवेदन

काही संस्था अर्जासोबत 'हा अभ्यासक्रम का निवडला' यावर दहा-पंधरा ओळी मागतात. जेथे मागत नाहीत तेथे हाच प्रश्न मुलाखतीत येतो. आपल्या विद्यार्थिनींची निवेदने एकाच साच्याची असतात: लहानपणापासून सेवेची आवड आहे, मानवतेची सेवा करायची आहे, आपली आज्ञाधारक. उर्दू माध्यमातली मुलगी यात 'खिदमत-ए-खल्क' घालते, मराठी माध्यमातली 'समाजऋण'. शब्द सुंदर आहेत, पण प्रवेश समितीला त्यातून काहीच कळत नाही.

त्याऐवजी मुलीने केलेल्या कामाविषयी तिला विचारावे. आजीची कवळी रोज रात्री धुऊन पाण्यात ठेवणारी, धाकट्या भावाला दंतवैद्याकडे नेऊन त्याच्या फॉर्मवर माहिती भरणारी, शिवणकामात दोन मिलिमीटरचा फरक डोळ्याने ओळखणारी मुलगी प्रत्येक वर्गात असते. हातातली सफाई, न कंटाळता तेच काम पुन्हा करण्याची सवय आणि दुसऱ्याचे तोंड पाहून न शिसारणे, हे या कामाचे खरे गुण. ते तिच्या स्वतःच्या चार वाक्यांत, साध्या इंग्रजीत आले तर पुरे. प्राध्यापकाने व्याकरण दुरुस्त करावे. मजकूर स्वतः लिहून देऊ नये. मुलाखतीत तो मजकूर तिच्या तोंडून येत नाही आणि मग सगळेच उघडे पडते.

या निवेदनात एक गुण आवर्जून नोंदवावा, आणि बहुतेक जणी नेमका तोच विसरतात: भाषा. बेळगावच्या मुलीला घरची दखनी उर्दू, शाळेची मराठी आणि बाजारातली कन्नड येते. गोव्याची असेल तर कोकणी. दवाखान्यात म्हातारी बाई डॉक्टरांसमोर गप्प बसते आणि सहायकाला मात्र सगळे सांगते. तिचे शब्द नेमके पोचवणे हे लहान काम नाही. मराठीत दात शिवशिवतो, ठणकतो, हलतो, आंबतो. प्रत्येक क्रियापद वेगळी तक्रार सांगते. गार पाण्याने क्षणभर उठणारी शिवशिव आणि रात्री झोप उडवणारा ठणका यांतला फरक डॉक्टरांच्या दृष्टीने फार मोठा आहे. उर्दूत हीच बाई 'ठंडा लगता है' म्हणेल किंवा 'टीस उठती है' म्हणेल, कन्नडमध्ये नुसते 'हल्लु नोवु' म्हणेल. निदान सहायकाने करायचे नसते; पण 'पेशंटला पेन आहे' एवढाच निरोप देणारी सहायक आणि 'रात्री ठणकतो, गाराने वाढतो' असे सांगणारी सहायक, यांत डॉक्टर दुसरीला सोडत नाहीत. 'मला चार भाषा बोलता येतात आणि त्यांपैकी दोन लिहिता येतात' हे वाक्य अर्जात असलेच पाहिजे. उर्दू-मराठीच्या तासाला दुखण्याच्या या क्रियापदांची एक तौलनिक यादी विद्यार्थिनींकडूनच करून घेतली, तर भाषेचा अभ्यास आणि अर्जाची तयारी दोन्ही होतील.

घरची बोलणी

मुलाखतीपूर्वी पालकांशी दोन गोष्टी उघडपणे बोलून घ्याव्यात. पहिली वेळेची. खाजगी दवाखाने बहुधा सकाळी आणि पुन्हा संध्याकाळी उघडतात. संध्याकाळचे काम रात्री आठ-नऊपर्यंत लांबते. घरी परतायचे कसे, हा प्रश्न प्रवेशाच्या वेळी सुटला नाही तर नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मुलगी काम सोडते, आणि वर्षभराची फी गेल्याचे दुःख मागे राहते. दंतमहाविद्यालयात किंवा सरकारी रुग्णालयात दिवसाची पाळी असते, पण जागा कमी असतात. दुसरी गोष्ट पोशाखाची. बांगड्या, अंगठ्या आणि वाढलेली नखे या कामात चालत नाहीत, कारण जंतू तेथेच राहतात आणि हातमोजे फाटतात. डोक्यावरचा स्कार्फ घट्ट बांधून त्याची टोके अंगरख्यात खोचली तर अडचण येण्याचे कारण नाही. मात्र तो रोज धुतलेला हवा आणि दवाखान्याबाहेरचा वेगळा हवा. संस्थेचा याबाबतचा नियम प्रवेशापूर्वी लेखी विचारून घ्यावा. लग्नानंतर काम चालू ठेवण्याविषयीही पालक प्राध्यापकांकडेच विचारणा करतात. त्याचे उत्तर मुलीने द्यायचे आहे. प्राध्यापकाने इतकेच सांगावे की दवाखाना नाही असा तालुका आता क्वचितच उरला आहे, आणि हाती मान्य कागद असेल तर सासरच्या गावीही तो चालतो.

प्रवेश निश्चित झाल्यावर एक शेवटचा कागदी व्यवहार उरतो. काही संस्था प्रवेशाच्या वेळी मूळ गुणपत्रके आणि शाळा सोडल्याचा दाखला ठेवून घेतात, आणि विद्यार्थिनीने मध्येच सोडायचे ठरवले की पूर्ण फी भरल्याशिवाय परत देत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने विद्यापीठे व त्यांच्याशी संलग्न महाविद्यालयांना मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्यास मनाई केली आणि फी परतीचे टप्पेही ठरवून दिले. खाजगी प्रशिक्षण केंद्र या अधिसूचनेखाली येतेच असे नाही. म्हणून अशा ठिकाणी मूळ कागद दाखवून परत घ्यावेत आणि साक्षांकित प्रतीच द्याव्यात. मूळ दाखला ठेवणे अटळ असेल तर कोणता कागद, कोणत्या तारखेला, कोणी घेतला, याची सही-शिक्क्याची पोच घ्यावी. त्या पोचेची एक प्रत कम्युनिटी कॉलेजच्या फाइलमध्ये ठेवावी, कारण घरातला कागद पावसाळ्यात भिजतो आणि नेमका लागतो तेव्हा सापडत नाही.